आधी हवा, मग माणूस

बमरोलीला समुद्र नाही. तरीही जहाजावरील बंद टाकीचा नियम येथे तितकाच लागू आहे, असे माझे ठाम मत आहे. डाइंग मिलच्या सांडपाण्याच्या टाकीत एक कामगार कोसळतो, त्याला काढावयास दुसरा उतरतो आणि दोघेही दगावतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की त्याचा वासच येईनासा होतो. नाकावर विसंबणे घातक ठरते. जहाजांवर उतरण्यापूर्वी वायुवीजन, यंत्राने हवेची तपासणी, लेखी परवाना व तोंडाशी पहारा आवश्यक असतो. २०१५ पासून दर दोन महिन्यांनी सुटकेचा सरावही बंधनकारक आहे. डॉक्टर मित्रहो, असा रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक मिल कामगाराला आजच सांगूया : साथीदार पडला तरी श्वसनयंत्राविना आत उडी घेऊ नका.