पहिली सुई कोणाच्या मानेत?

अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णाला जहाल औषधे हाताच्या लहान शिरेतून फार काळ देता येत नाहीत. म्हणून मानेतील मोठ्या नीलेतून एक नळी हृदयाच्या उंबरठ्यापर्यंत सरकवितात. रुग्णालयाच्या बोलीत हीच ‘सेंट्रल लाइन’. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्याच कोपराच्या शिरेतून नळी हृदयात नेली आणि १९५६ साली तो नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी ठरला. आजचा शिकाऊ डॉक्टर मात्र शिकतो तो दुसऱ्याच्या देहावर. हा दुसरा बहुधा सरकारी रुग्णालयातील, शुद्ध हरपलेला गरीब माणूस असतो. सुई कोण टोचणार, हे विचारण्याचे त्याच्या नातलगांना सुचतही नाही.

नीलेला खेटून रोहिणी, थोडे खाली फुप्फुसाचे टोक. सुई किंचित चुकली तर रक्तस्राव किंवा छातीत हवा. निर्जंतुकतेत हयगय झाली तर काही दिवसांनी रक्तात जंतू. तरीही ‘एक पाहा, एक करा, एक शिकवा’ हा वैद्यकातील शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील डॉक्टरांनी तो मोडला. आधी पुतळ्यावर, सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर पाहत सराव करावयाचा. कसोटीला उतरल्याशिवाय रुग्णाला हात लावावयाचा नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, एका अतिदक्षता विभागात नळीच्या दर हजार दिवसांमागे रक्तसंसर्गाचे प्रमाण ३.२ वरून ०.५ वर आले. पुढे अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील अनुभवी डॉक्टरांना अशाच कसोटीला बसविले, तेव्हा त्यांतील बहुतेक अनुत्तीर्ण झाले! वर्षानुवर्षे सुई टोचली म्हणजे ती नीट टोचता येते, असे नव्हे. मग शिकविणाऱ्याची परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न आम्हांस अधिक अवघड वाटतो.

आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने महाविद्यालयांना कौशल्य-प्रयोगशाळा सक्तीची केली आहे, हे योग्यच झाले. परंतु खोली उभारून व फीत कापून भागत नाही. पुतळ्याच्या कृत्रिम मानेची शेकडो टोचण्यांनी चाळण होते, ती वरचेवर बदलावी लागते. ज्येष्ठ अध्यापकास बाह्यरुग्ण विभागातून तेवढे तास मोकळे करावे लागतात. १८४२ पासून वैद्यक शिकविणाऱ्या गोव्याच्या अंदाजपत्रकात हा आवर्ती खर्च वेगळ्या शीर्षाखाली दिसावा, आणि नळी घालणाऱ्या डॉक्टराने कसोटी केव्हा दिली याची नोंद रुग्णाच्या कागदपत्रांत असावी, अशी आमची मागणी आहे.