अकरा महिन्यांचे घर आणि वीस वर्षांचे कर्ज

ठाणे पूर्वेच्या कोपरीत राहणारा आपला एक साथी परवा सल्ला विचारावयास आला. स्वतः खासगी कारखान्यात, पत्नी शिवणकाम करते, मुलगा दहावीत. सहा वर्षांत तीन घरे बदलून झाली आणि आता चौथ्या मालकानेही करार संपताच जागा रिकामी करण्यास सांगितले आहे. डोंबिवलीकडे एक सदनिका स्वस्तात मिळते आहे. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम उचलून आणि दागिने मोडून ती घ्यावी काय, हा त्याचा प्रश्न होता. "भाड्याचे पैसे वायाच जातात ना?" हे वाक्य त्याने तीनदा उच्चारले.

प्रथम या वाक्याचाच विचार करू. समजा, घराची किंमत ६० लाख रुपये आहे. पदरचे १२ लाख घातले आणि ४८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी काढले, तर मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील ३४,००० रुपये निव्वळ व्याजाचे असतात. मुद्दलात जेमतेम साडेसात हजार जमा होतात. वीस वर्षांत बँकेला जवळजवळ एक कोटी रुपये फेडावे लागतात. पदरचे बारा लाख ठेवीत असते तर त्यांवर मिळाले असते ते व्याज बुडते ते वेगळेच. घरमालकास दिलेले भाडे वाया जाते, तर बँकेस दिलेले व्याज कोठे जाते? तेही पैशाचे भाडेच होय. म्हणून भाडे आणि हप्ता यांची नव्हे, तर भाडे आणि व्याज यांची तुलना केली पाहिजे.

परंतु आमच्या साथीला हिशेब कळत नाही, असे मुळीच नाही. त्याला घर नको आहे, त्याला स्थैर्य हवे आहे. मुलाची परीक्षा तोंडावर असताना भांडीकुंडी टेम्पोत घालावी लागू नयेत, एवढीच त्याची मागणी आहे. आज हे स्थैर्य विकत घेतल्यावाचून मिळत नाही, हे खरे दुखणे आहे.

असे का झाले? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बसलेल्या भाडेकरूला संरक्षण दिले. ते आवश्यकच होते. परंतु भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, दुरुस्त्या थांबल्या, पागडी बोकाळली आणि भाड्याने देण्यासाठी घरे बांधणे बंद पडले. आत असलेला सुरक्षित झाला, बाहेरून येणारा मात्र उघड्यावर पडला. संरक्षणासाठी लढताना या दुसऱ्या माणसाकडे चळवळीने पुरेसे लक्ष दिले नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १९७३ च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीस ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना भाडेकरूचा दर्जा दिला. मालकांच्या मनात तेव्हा बसलेली धास्ती अद्याप गेलेली नाही. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने लंबक दुसऱ्या टोकास नेला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट शुल्क भरावे लागते, आणि अकरा महिन्यांचा रिवाज मात्र चालूच राहिला आहे.

या भीतीपोटी माणूस स्वस्त घराच्या मागे धावतो आणि तेथेच फसतो. शिळफाट्याच्या लकी कंपाऊंडमधील बेकायदा इमारत ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली, तीत ७४ जीव गेले. डोंबिवली परिसरातील ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तेथील कुटुंबांनी दलालावर नव्हे, तर सरकारी नोंदणी क्रमांकावर विश्वास ठेवला होता. गुन्हा करणारे वेगळे आणि हप्ते भरणारे वेगळे, अशी ही व्यवस्था आहे.

कोपरीचाच इतिहास पाहा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना येथे वसविण्यात आले, तेव्हा कोणी त्यांच्याकडे कर्जफेडीची ऐपत विचारली नव्हती. निवारा देणे हे सरकारचे कर्तव्य मानले गेले होते. ते कर्तव्य सरकारने सोडले. ते अशक्य ठरले असे नाही. व्हिएन्नाच्या समाजवादी नगरपालिकेने १९२३ ते १९३४ या काळात श्रीमंतांवर कर बसवून साठ हजारांवर घरे बांधली. आज त्या शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि त्यांतील भाडेकरूच्या डोक्यावर मुदतीची तलवार नाही. आपल्याकडेही मृणाल गोरे आणि बाबुराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने गोरेगावच्या दिंडोशीत अतिरिक्त जमिनीवर हजारो कुटुंबांची घरे उभी केली. ज्या कमाल जमीन धारणा कायद्यामुळे हे शक्य झाले, तो राज्याने २००७ मध्ये मोडीत काढला.

आम्ही साथीस सांगितले ते असे: डोंबिवलीचे घर घेऊ नका. मंजूर नकाशा आणि बांधकाम परवानगी खुद्द पालिकेच्या दप्तरात पडताळून पाहिल्यावाचून विसार देऊ नका. व्याज, देखभाल आणि प्रवासखर्च मिळून भाड्याच्या दुपटीवर जात असेल, तर थांबा. तूर्त कोपरीतच अकरा महिन्यांऐवजी तीन वर्षांचा नोंदणीकृत करार मागा. कायद्याने तो करता येतो. करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो न केल्यास, मालकाने खोट्या ठरवीपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरल्या जातात. मात्र हा आधार अटींपुरता आहे. मालकाने जागाच दिली नाही तर तो निरुपयोगी ठरतो.

एकट्या माणसाला हे मागता येत नाही, हेही तो जाताना म्हणाला. ते खरे आहे. म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील लायसन्सधारकांची यादी करावी, दीर्घ मुदतीच्या करारांची मागणी एकत्रितपणे मांडावी आणि पालिकेच्या राखीव भूखंडांवर विक्रीची नव्हे, तर भाड्याची घरे मागावीत. घर घ्यावे की न घ्यावे, हा निर्णय प्रत्येक कुटुंबाचा. परंतु तो भयापोटी घ्यावा लागू नये, एवढे पाहणे आपले काम आहे.