विडंबनाची ढाल

‘वॉरहॅमर ४०,०००’ या १९८७च्या ब्रिटिश युद्धखेळातील साम्राज्य हे हुकूमशाहीचे विडंबन आहे, असे समर्थन केले जाते; प्रकाशक गेम्स वर्कशॉपनेही २०२१मध्ये ते अधिकृतपणे मांडले. ‘व्हिंडिकेअर’ मंदिरापाशी मात्र ते लटके पडते. अनाथ मुलांतून स्नायपर मारेकरी घडविणारी ही संस्था. (शाळेला ‘मंदिर’ म्हणणे, एवढाच काय तो उपरोध!) विडंबनाला पात्र आणि वाचक यांच्यात अंतर लागते. येथे फासे टाकणारा खेळाडू स्वतःच नेम धरतो. मुलाचे बालपण ओझरत्या उल्लेखात उरकते. त्याच्या रायफलीला मात्र ‘एक्झिटस’ हे नाव आहे, गोळ्यांचे निरनिराळे प्रकार आहेत. संहितेचे प्रेम कोणावर जडले आहे, हे ‘हेतू’ची साक्ष काढणाऱ्या समीक्षेने एकदा सांगावेच.