यंत्राच्या शिकवणीचे वीजबिल

विजेचे बिल आले की घरात पहिली झडती पंख्याची आणि गिझरची होते. संगणकाला भाषा शिकवायची म्हटली तर किती बिल येईल? बहुतेक कंपन्या हा आकडा गुलदस्त्यातच ठेवतात. फ्रान्समधल्या एका प्रयोगाने मात्र २०२२ साली तो उघड करून दाखवला.

प्रयोगाचे नाव ‘बिगसायन्स’. अनेक देशांतले १००० हून अधिक संशोधक त्यात होते, बरेचसे स्वयंसेवक. पॅरिसजवळ ओर्से येथे असलेला ‘झाँ झे’ हा सरकारी महासंगणक त्यांना मिळाला आणि सुमारे चार महिन्यांत ‘ब्लूम’ हे भाषा-प्रारूप तयार झाले. त्याला ४६ मानवी भाषा शिकवल्या. त्यांत मराठीही आहे! वाटा मात्र दहा हजारांत जेमतेम ५ भागांचा. पंगतीत बसवले, वाढले लोणच्याएवढे.

या शिकवणीला वीज लागली ४,३३,००० युनिट. महिन्याला १५० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ती २४० वर्षे पुरेल. जवळपास तेवढ्याच आकाराच्या ‘जीपीटी-३’ या अमेरिकी प्रारूपाला संशोधकांच्या अंदाजाने १२,८७,००० युनिट लागले होते. ब्लूमच्या चिप्स नव्या होत्या, हे त्याचे एक कारण. पण खरी गंमत पुढे आहे. वीज लागली एक तृतीयांश, कार्बन डायऑक्साइड मात्र विसाव्या हिश्शाहून जास्त नाही: तिकडे ५०० टनांच्या वर, इकडे सुमारे २५ टन. फ्रान्सची बहुतेक वीज अणुभट्ट्यांतून येते. आपल्याकडची मुख्यतः कोळशातून. हेच काम इथे केले असते तर धुराचा हिशेब पार बदलला असता.

आता हे सारे बिगरधंदेवाईक म्हणायचे का? अगदी तसे नाही. संयोजन ‘हगिंग फेस’ या कंपनीचे होते, यंत्र सरकारचे. प्रारूप मात्र परवान्याच्या अटी पाळून कुणालाही फुकट उतरवून घेता येते. घोडे अडते ते पुढे. शिकवणी एकदाच होते, वापर रोजचा. लाखो लोक रोज प्रश्न विचारू लागले तर ती वीज कुणाच्या नावावर? संशोधनासाठीचा सरकारी महासंगणक अशा कामाला कायमचा जुंपता येत नाही.

म्हणून मला लहान प्रारूपांत जास्त जीव दिसतो. स्वित्झर्लंडमधल्या सरकारी संस्थांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अपर्टस’ खुले केले, तेही थोरले आणि धाकटे अशा दोन आकारांत. धाकटे एखाद्या दणकट घरगुती संगणकावरही चालते. अर्थात, मग बिल पुन्हा आपल्याच मीटरवर!