लग्न पेशवाई थाटाचं, लुगडं आजीचं



तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी पत्रिका यायला सुरुवात होते. कोपऱ्याला हळदकुंकू लावलेली पत्रिका, वर कुलदैवताचं नाव, खाली 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' अशी चिल्लीपिल्लीची ओळ, हे सगळं आपल्या ओळखीचं. पण अलीकडे त्याच्याही खाली आणखी एक ओळ दिसू लागली आहे. 'पोशाख : पेशवाई.' नाहीतर 'शिवकालीन.' २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' हा सिनेमा आला, तेव्हापासून तर ही हौस जास्तच वाढली. शहरातलं हे वारं आता तालुक्याच्या मंगल कार्यालयापर्यंत येऊन पोचलं आहे.

मुलामुलींच्या हौसेला माझी ना नाही. लग्न एकदाच होतं. पण ती ओळ वाचून नवरीच्या आईच्या, आत्याच्या, चुलतीच्या पोटात जो गोळा उठतो, त्याचं काय? मी ठेंगणी, मी अंगानं भरलेली, उन्हानं रापलेली. मला ते राणीचं रूप शोभायचं कसं? आणि एका दिवसासाठी पैसे आणायचे कुठून? आधीच मांडव, जेवणावळ, मानपान यांनी घर मेटाकुटीला आलेलं असतं.

तर बाई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. पेशवाई म्हणजे काही फक्त शनिवारवाडा नव्हे. १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले तिथपासून १८१८ साली इंग्रजांनी राज्य घेतलं तिथवरचा तो शंभर वर्षांचा काळ. त्या काळात वाड्यावर पैठणी नेसणाऱ्या बाया किती असतील? बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळी मराठी मुलखातली बाई शेतात होती, जात्यावर होती, पाणवठ्यावर होती, आणि तीही लुगडंच नेसत होती. तेव्हा तुमच्या आजेसासूचं ट्रंकेतलं लुगडं पेशवीणबाईंच्या शालूइतकंच ऐतिहासिक आहे. उलट भाड्यानं आणलेल्या चकचकीत कपड्यापेक्षा जास्तच.

कारण हा भाड्याचा कपडा काय असतो ते पाहा. 'शिवलेली नऊवारी' म्हणून जे मिळतं, ती खरं तर निऱ्या आणि पदर जोडलेली विजारच. पाय घालायचे, कमरेला आकडा किंवा नाडी लावायची, झालं. पाच मिनिटांत नेसून होते हे खरं, आणि ज्यांना नेसताच येत नाही त्यांची सोय होते हेही खरं. पण ती कोणा एका मापावर बेतलेली असते. माप जुळलं तर ठीक, नाहीतर जिथे झाकायचं तिथे ताणते आणि जिथे बसायचं तिथे लोंबते. एका लग्नात नवरीच्या आईला मी दुपारभर उभीच पाहिली. लोकांना वाटलं, बाई किती राबते! खरी गोष्ट अशी की शिवलेलं लुगडं इतकं तंग होतं की पाटावर मांडी घालता येत नव्हती. लेकीच्या लग्नाच्या पंगतीत आई जेवायला बसू शकली नाही.

खरं लुगडं नऊ वारांचं, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. त्याला माप नाही, आकडा नाही, परकर लागत नाही. कमरेची गाठ पक्की बसली की दिवसभर सुटत नाही. बाळंतीण असो, सहावा महिना असो, अंग सुटलेली प्रौढा असो की काडीसारखी पोर, तेच कापड प्रत्येकीच्या अंगाप्रमाणे बसतं. चार निऱ्या जास्त घ्या, नाहीतर चार कमी. आपल्या आज्या त्याच लुगड्यात भात लावत होत्या आणि त्याच बेताच्या लुगड्यात लग्नाला उभ्या राहत होत्या. शोभणारा पोशाख शोधायला निघालात ना? मग आधी हे लक्षात घ्या की अंगाला बेतून घेणारा याच्याइतका दुसरा पोशाख नाही.

एक विनवणी करते, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. आजीचं लुगडं किंवा पैठणी शिंप्याकडे देऊन कापू नका! हल्ली हे सर्रास चाललं आहे. लेक म्हणते, आई, मला नेसता येत नाही, शिवून घेऊ. एकदा कात्री लागली की ते लुगडं त्या एका मापाचं आणि त्या एका दिवसाचं झालं. पुढं धाकटीच्या लग्नात नाही, नातीच्या नाही. नेसायला शिकणं हे दोन दुपारांचं काम आहे. गावात रोज लुगडं नेसणारी एखादी तरी म्हातारी अजून असेल. तिच्याकडे जा, चार पोरी मिळून जा. कमरेची गाठ कशी मारायची, मधल्या कापडाच्या निऱ्या किती घ्यायच्या, पायांमधून नेऊन कासोटा कुठे खोचायचा, ओचा किती सोडायचा, हे लिहून सांगण्यासारखं नाही, हातानंच दाखवावं लागतं. आणि अशा म्हाताऱ्या आता थोड्याच उरल्या आहेत.

आता कोणाला काय शोभेल ते पाहू.

उंची बेताची असेल तर काठ बोटभर रुंदीचाच घ्या. रुंद काठ ठेंगणीला आणखी ठेंगणी करतो, कारण लुगड्याचा काठ पायाशी, ओच्यात आणि पदरावर असा तीन जागी दिसतो. उंचीपुरी असेल तिनं चार बोटं, अगदी वीतभर काठ खुशाल मिरवावा. अंगानं भरलेलीनं कडक, फुगणारं रेशीम टाळावं. मऊ पडणारं कापड बघावं, कासोट्याच्या निऱ्या मागे चपट्या, पसरट खोचाव्या आणि फार ओढून घेऊ नये. लुगडं अंगाला चिकटवून नेसायचं नसतं. सिनेमातल्या नाचणाऱ्या नट्या नेसतात तसं तंग नेसायला गेलात तर जे लपवायचं तेच लोकांच्या नजरेत भरेल. शेलाटीनं मात्र खळ केलेलं सुती किंवा कडक रेशमी नेसावं, अंग भरल्यासारखं दिसतं.

रंगाचं म्हणाल, तर सावळ्या अंगाला फिका गुलाबी आणि झगझगीत पोपटी मारतो. डाळिंबी, आमसुली, अंजिरी, गर्द हिरवा, मोरपंखी हे रंग सावळीला जे खुलतात ते गोरीलाही खुलत नाहीत. आणि काळाला धरूनही तेच. त्या काळी कारखान्यातले रंग नव्हते. इंग्लंडात पहिला रासायनिक रंग निघाला तोच १८५६ साली. त्याआधी नीळ, आल, हळद, कुसुंबा असे झाडापाल्याचेच रंग. रात्रीच्या दिव्यातही डोळ्यांना टोचणारा हिरवा पेशवाईतला नव्हे, हे दुकानदाराला बेलाशक सांगा.

घरात जुनं नसेल आणि घ्यायचंच असेल, तर पैठणीच पाहिजे असं कोणी सांगितलं? येवल्याची हातमागाची पैठणी अप्रतिम खरीच. पदर उलटून पाहिला तरी नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, ही तिची खूण. पण तिची किंमत आपल्याला ठाऊक आहे. सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या बायांचं नेहमीचं इरकल घ्या. ते कर्नाटकातल्या इलकलचं. त्याचा लाल-पांढरा पदर लांबूनही ओळखू येतो. वर खणाची चोळी. ते लग्नानंतर ट्रंकेत पडून राहणार नाही, सणावाराला नेसता येईल.

चोळीबद्दल एक गोष्ट शहरातली मासिकं सांगत नाहीत. आपला दंड पांढरा आणि कोपराखालचा हात उन्हानं काळा, अशी खूण असते. भाड्याची तोकड्या बाहीची चोळी घातली की ती खूण उघडी पडते आणि फोटोत हात दोन रंगांचे दिसतात. म्हणून बाही आपल्या रोजच्या पोलक्याच्या बाहीच्या खुणेच्या दोन बोटं खाली येईल अशी शिवून घ्या. कोपरापर्यंतच आणलीत तर उत्तमच. जाड दंडही झाकतो. लुगडं घोट्याच्या वर राहतं, तेव्हा टाचाही दिसणार. आठ दिवस आधीपासून रात्री कोमट पाण्यात पाय बुडवून, घासून खोबरेल लावा. भेगा भरतील.

दागिन्यांत मान बघायची. मान आखूड असेल तर चिंचपेटी आणि तन्मणी गळ्याला आवळून बसतात, आणि मान होती नव्हती ती जाते. त्यापेक्षा लांब मोहनमाळ किंवा पुतळ्यांची माळ घाला. लांब मानेला ठुशी छान. नाक टोचलेलं नसेल तर चापाची नथ मिळते, पण घरी तासभर लावून पाहा. ऐन अक्षतांच्या वेळी ती खाली पडायला नको. सगळंच एकदम घालू नका. भरगच्च काठपदरावर सात माळा घातल्या की बाई दिसतच नाही, दुकान दिसतं.

पुरुषांचं थोडक्यात सांगते, ते तसेही आपलं ऐकत नाहीत. भाड्यानं मिळते ती शेरवानी पेशवाईतली नाही, ती एकोणिसाव्या शतकातली. जेम्स वेल्स नावाच्या इंग्रजांकडच्या चित्रकारानं १७९२ साली सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांचं चित्र काढलं. त्यात पेशव्यांच्या अंगात मखमल नाही, तलम पांढरा जामा आहे. वैशाखाच्या उन्हात मखमलीच्या कपड्यात नवरदेवाला घेरी आणण्यापेक्षा पांढरा सुती अंगरखा, धोतर, खांद्यावर शेला आणि डोक्याला फेटा असा बेत किती सोपा! अंगरख्याचे बंद तिरके येतात, पोट सुटलेल्याला ते बरं दिसतं. मात्र जिरेटोप कोणी घालू नये. तो छत्रपतींचा. लग्नाच्या वरातीत मिरवायची ती वस्तू नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना भाड्यानंच आणायचं आहे, त्यांनी दुकानातच चार गोष्टी करून पाहाव्या. मांडी घालून बसा. वाकून पाया पडून पाहा. दोन्ही हात वर करा, अक्षता टाकताना चोळी कुठे उसवते ते कळेल. आणि कडेवर लेकरू घेऊन चार पावलं चाला. काखेतले डाग, उसवलेल्या शिवणी दुकानदारासमोरच दाखवून ठेवा, म्हणजे परत करताना अनामत कापली म्हणून भांडण नको.

आता थोडं अवघड बोलते. पेशवाईतले कपडे आणताना पेशवाईतल्या रीती मागच्या दारानं घरात येत नाहीत ना, हे पाहा. त्या काळी उच्च जातींतल्या विधवेचे केस काढून तिला आलवण नेसवत आणि शुभकार्यात तिला पुढं येऊ देत नसत. आज कोणी आलवण नेसवत नाही. पण 'सगळ्या बायकांनी नथ आणि हिरवा चुडा' असं ठरलं की नवरा गेलेली चुलती आपोआप कोपऱ्यात सरकते. तिनं काय नेसायचं, हे पत्रिकेतल्या त्या ओळीत कोणीच लिहीत नाही. कधी कधी ही बाई म्हणजे नवरीची आईच असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं असल्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. गावानं ठराव केला, तर घराला का जमू नये? तिच्यासाठी लुगडं सर्वांच्या आधी निवडा, तिच्या आवडीच्या रंगाचं. नथ घालायची की नाही हे तिनं ठरवावं, पण तिला विचारायला नवरीनं स्वतः जावं. तिला झगमगाट नको असेल तर फिक्या रंगाचं महेश्वरी तिला छान दिसेल. ज्यांनी महेश्वरला विणकर आणून वसवले त्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ असं राज्य केलं ते पांढऱ्या साध्या वस्त्रांत. पण नवरा नाही म्हणून पांढरंच नेस, असं मात्र तिला कोणी सांगायचं नाही.

जुनं लुगडं ट्रंकेतून काढाल ते लग्नाच्या आदल्या दिवशी नको, महिनाभर आधी काढा. सावलीत पसरा, उन्हात रेशीम उडतं. उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा पाहा. तिथे धागे तुटू लागले असतील तर ते कमरेला ताणून नेसू नका, लग्नघाईत ते फाटेलच; खांद्यावर शेल्यासारखं घ्या. टाचणी थेट जुन्या रेशमात टोचू नये, खाली कापडाची लहान घडी ठेवावी. जरीवर अत्तर शिंपडू नये, ती काळी पडते. हळदीला तर जुनं नेसूच नये.

लग्न उरकलं, वऱ्हाड गेलं, की लुगडं तसंच घामेजलेलं ट्रंकेत कोंबायचं नाही. दोन दिवस सावलीत दोरीवर राहू द्या. मग आधीच्या घडीवर नव्हे, थोडी सरकवून नवी घडी घाला, मऊ सुती फडक्यात गुंडाळा आणि सोबत वेखंडाचा तुकडा पुरचुंडीत बांधून ठेवा.