बोलका बाप, अबोल बाप

गौतम मेनन यांच्या ‘वारणम् आयिरम्’ या २००८ सालच्या तमिळ चित्रपटात सूर्या या एकाच नटाने पिता व पुत्र अशा दोन्ही भूमिका केल्या असून, पित्याच्या निधनाची वार्ता कळताच सैन्यातला पुत्र त्याच्या स्नेहाचे स्मरण करू लागतो. कल्पना रम्य खरी. परंतु सेनगाव तालुक्यात, जेथे हळदीची पट्टी हाती पडताच बाप पोराच्या शहरातील खोलीचे भाडे मुकाट्याने बाजूस काढतो आणि फोनवर केवळ पाऊसपाण्याची चौकशी करतो, तेथे असा मित्रवत् पिता विरळाच. आम्हांस नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ चित्रपटातील कचरूच अधिक सच्चा वाटतो: गावकीच्या हुकमापुढे लाचार होऊन पोटच्या पोराला, जब्याला, सोबत्यांदेखत डुक्कर धरावयास लावणारा हा बाप निष्ठुर म्हणावा, तर कचरू साकारणाऱ्या किशोर कदमांची मुद्रा तसे म्हणू देत नाही.