किती दिवसांपासून जळजळतंय?

कापूस वेचणीच्या दिवसांत नांदेड जिल्ह्याच्या भोकर तालुक्यातल्या मजूर बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो. चूल पेटते, चहाचा घोट होतो, भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला जातो. वावरात पोचून दोन ओळी वेचून झाल्यावर पहिला घास पोटात पडेपर्यंत अकरा वाजतात. तोवर भूक मारायला चिमूटभर तंबाखू असते. दुपार कलली की छातीत जळजळ सुरू होते, करपट ढेकर येऊ लागतात. संध्याकाळी परतताना ती वाटेवरच्या किराणा दुकानात थांबते. “भाऊ, लई जळजळ करायलंय. एक ईनो द्या.” शाम्पू, कॉफी, सुपारीच्या पुड्यांच्या माळांशेजारीच ईनोची माळ टांगलेली असते. दुकानदार एक पुडी तोडून देतो. पेल्यात फेस उसळतो, मोठा ढेकर येतो, बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तीच पुडी.

या व्यवहारात कुणी कायदा मोडलेला नाही, कुणी कुणाला फसवलेलंही नाही. फक्त एक प्रश्न राहून गेला आहे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर सगळ्यात आधी तोच विचारतात: किती दिवसांपासून? हा प्रश्न किराणा दुकानात कुणी विचारत नाही. पुडीवरच्या बारीक अक्षरांतून तो वाचता येत नाही. टीव्हीवरची जाहिरात तर त्याच्या वाटेलाच जात नाही. पोटाच्या औषधांच्या जाहिरातींवर आणि विक्रीवर खरा आक्षेप घ्यायचा तो इथे.

आपल्याकडे ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा’ औषधांची स्वतंत्र कायदेशीर वर्गवारी नाही. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि १९४५ चे नियम यांत काही औषधांना चिठ्ठी सक्तीची केली आहे. उरलेली आपोआप मोकळी. त्या नियमांच्या ‘के’ परिशिष्टात घरगुती औषधांची एक नोंद आहे. एक हजारापर्यंत वस्तीच्या गावात, मूळ बंद पाकिटात असतील तर ही औषधं परवान्याशिवाय विकता येतात. तापाच्या गोळ्या, बाम, खोकल्याची औषधं यांच्याबरोबर आम्लपित्तशामक औषधंही त्या नोंदीत बसवली आहेत. त्यामागचा विचार रास्तच होता. भोकर, किनवट, हिमायतनगरकडच्या एखाद्या तांड्यावर रात्री पोटात आग पडली, तर माणसानं तालुक्याच्या गावापर्यंत पायपीट करावी असं कुणीच म्हणणार नाही.

ईनोची वाट याहूनही सोपी आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जेम्स क्रॉसली ईनो या औषधविक्रेत्यानं हे ‘फ्रूट सॉल्ट’ बाजारात आणलं. पुढे ते ग्लॅक्सोकडे गेलं आणि २०२२ मध्ये ग्लॅक्सोतून वेगळ्या झालेल्या हेलियॉन कंपनीकडे आलं. भारतात ते आयुर्वेदिक औषध म्हणून विकलं जातं. पुडीवर घटकांची नावं आहेत ‘स्वर्जिकाक्षार’ आणि ‘निंबुकाम्लम्’. साध्या मराठीत पहिला म्हणजे खाण्याचा सोडा आणि दुसरं सायट्रिक अ‍ॅसिड. आयुर्वेदिक औषध विकायला परवाना लागत नाही. म्हणून ईनो मेडिकलमध्येही मिळतं, किराण्यातही आणि पानटपरीवरही. रवा इडली आणि ढोकळा हलका व्हावा म्हणून पिठात हीच पुडी फोडली जाते. जे औषध रोज डोशाच्या पिठाशेजारी फळीवर असतं, त्याला मोजूनमापून घ्यायचं असतं हे कुणाच्या लक्षात राहणार?

मोजमाप मात्र आहेच. सोडा पोटातल्या आम्लाला भिडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तोच ढेकर होऊन बाहेर पडतो. ‘सहा सेकंदांत काम सुरू’ ही जाहिरात या रासायनिक क्रियेपुरती खरी आहे. पण जठर आम्ल तयार करत राहतं, त्यामुळे आराम टिकतो थोडाच वेळ. आणि प्रत्येक ग्रॅम सोड्याबरोबर सुमारे २७० मिलीग्रॅम सोडियम शरीरात जातं. पाच ग्रॅमच्या पुडीत निम्मा सोडा धरला तरी सहाशे-सातशे मिलीग्रॅम झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसानं दिवसाला दोन हजार मिलीग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं. म्हणजे दिवसाला दोन पुड्या घेणाऱ्या रक्तदाबाच्या रुग्णाचा अर्ध्याहून अधिक कोटा ठेचा, लोणचं, पापड पानात पडण्याआधीच संपलेला असतो. रक्तदाबाची गोळी एका हातानं आणि पुडी दुसऱ्या हातानं घेणारी माणसं भोकरमध्ये घरोघर सापडतील.

मराठी माणसाच्या बोलण्यातला एक शब्द या बाजाराच्या फार कामी आला आहे. तो म्हणजे पित्त. डोकं ठणकलं की पित्त झालं. अंगावर गांधी उठल्या की पित्त उठलं. उलटी झाली की पित्त पडलं. छातीत जळजळलं तरी पित्त, आणि पोटाच्या उजव्या बाजूला कळ आली तरी पित्तच. अर्धशिशी, अ‍ॅलर्जी, जठराचा व्रण, पित्ताशयातले खडे असे चार वेगळे आजार एका शब्दात सामावतात. आजीच्या काळी त्या शब्दाबरोबर पथ्य यायचं. जागरण करू नको, उपाशीपोटी चहा घेऊ नको, तिखट सोड, आवळा खा, सुंठ-साखर घे. जाहिरातींनी पित्ताला ‘अ‍ॅसिडिटी’ आणि ‘गॅस’ ही नवी नावं दिली आणि पथ्य गाळून टाकलं. पडद्यावरचा माणूस लग्नात ताटभर खातो, छातीवर हात ठेवतो, पेला रिकामा करतो आणि हसत पुन्हा पंगतीत जातो. भोकरच्या वावरातली जळजळ मेजवानीची नसते. ती उपाशी पोटाची, तंबाखूची आणि अंगदुखीच्या गोळ्यांची असते. त्या बाईचं दुखणं जाहिरातीत कुठेच नाही, पण तिच्या मजुरीतले पैसे जाहिरातीनं नेमके हेरले आहेत.

अंगदुखीची गोळी हा या साखळीतला सगळ्यात घातक दुवा. दिवसभर वाकून वेचणी केली की कंबर धरते. मग मेडिकलमधून ‘ठणक्याची गोळी’ येते, बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा तिच्या जातीची. या गोळ्या जठराच्या आतल्या संरक्षक थराला इजा करतात, आणि रोज घेतल्या तर व्रण होऊ शकतो, त्यातून रक्तही जाऊ शकतं. जळजळ हा त्या इजेचा पहिला इशारा असू शकतो. तो इशारा संध्याकाळच्या पुडीनं दबतो, सकाळी ठणक्याची गोळी पुन्हा घेतली जाते. शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागेपर्यंत कुणाला शंका येत नाही.

पुडीनं भागेना की माणूस मेडिकलवर जातो. तिथे मागायची रीत ठरलेली: “पित्ताची गोळी द्या.” काउंटरवरचा मुलगा पॅन्टोप्राझोलची पट्टी काढतो आणि कात्रीनं दोन-तीन गोळ्यांचा तुकडा कापून देतो. मुदतीची तारीख बहुधा उरलेल्या तुकड्यावरच राहते, माहितीपत्रक खोक्यात. पॅन्टोप्राझोल हे १९४५ च्या त्याच नियमांच्या ‘एच’ परिशिष्टातलं औषध आहे. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि केंद्राच्या पूर्वपरवानगीशिवाय त्याची जाहिरातही करता येत नाही. प्रत्यक्षात त्याला जाहिरातीची गरजच उरलेली नाही. एकदा डॉक्टरांनी पाच दिवसांसाठी लिहून दिलेलं नाव पुढे पाच वर्षं तोंडपाठ राहतं, आणि शेजारणीलाही सांगितलं जातं.

औषध म्हणून पॅन्टोप्राझोलचं मोल मोठं आहे. व्रण भरून काढायला त्याच्या तोडीची औषधं थोडी. पण महिनोन्‌महिने घेतलं तर ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं, आणि जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणंही त्याच्या आरामाखाली झाकली जाऊ शकतात. या गटातल्या औषधांनी मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, हे माहितीपत्रकात छापा, असं देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१९ मध्येच सांगितलं होतं. गोळ्या कापून विकल्या जातात तिथे ते पत्रक पोचणार कसं?

काही कॅप्सूलमध्ये पॅन्टोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोनही असतं. युरोपच्या औषध नियामकानं २०१४ मध्ये हृदयाच्या ठोक्यांवर होणारा त्याचा परिणाम तपासला. हे औषध फक्त मळमळ-उलटीसाठी आणि साधारण आठवडाभरच वापरावं, पोट फुगणं आणि छातीतली जळजळ यांसाठी वापरू नये, असा निर्णय त्यांनी दिला. भोकरच्या काउंटरवर ते नेमकं त्याच दोन तक्रारींसाठी मागितलं जातं.

अमेरिकेत पॅन्टोप्राझोलच्याच गटातलं ओमेप्राझोल २००३ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. तिथल्या खोक्यावर स्पष्ट छापलेलं असतं की हा चौदा दिवसांचा उपचार आहे आणि चार महिन्यांच्या आत तो पुन्हा घ्यायचा झाला तर डॉक्टरांना विचारा. साध्या आम्लशामकांनाही तिथे पूर्ण मात्रेत सलग दोन आठवड्यांची मर्यादा आहे. आपल्याकडे २०२२ च्या मे महिन्यात केंद्रानं १६ औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मोकळी करण्याचा मसुदा काढला, त्यातही पाच दिवसांनी बरं वाटलं नाही तर डॉक्टर गाठावा अशी अट घातली होती. दिवस मोजायला हवेत हे सरकारला कळलेलं आहे. कळलेलं पुडीवर उतरायला हवं.

जळजळीच्या नावाखाली सगळ्यात महाग पडतो तो वेळ. हृदयविकाराच्या झटक्यात, विशेषतः हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, कळ पोटाच्या वरच्या खळग्यात येऊ शकते. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीतली ठसठशीत कळ न येता नुसतं अस्वस्थ वाटतं, घाम फुटतो, ढेकर येतात. घरचे म्हणतात, गॅस असेल. एक पुडी होते, अर्ध्या तासानं दुसरी. भोकरहून नांदेड पन्नासेक किलोमीटर. आधीच लांब असलेल्या त्या रस्त्यात पुड्यांचा तास-दोन तास मिळवला की वाचवता आला असता तो हृदयाचा स्नायू कायमचा गेलेला असतो.

कायदा जाहिरातीकडे पाहतो तरी कसा? १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्यात ५४ आजारांची यादी आहे. त्या आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायला मनाई आहे. जठर आणि आतड्यांचे व्रण त्या यादीत ५३ व्या क्रमांकावर आहेत. अ‍ॅसिडिटी आणि गॅस यादीत नाहीत. म्हणून व्रणाचं नाव घेऊन औषधाची जाहिरात करता येत नाही, पण त्याच व्रणाच्या जळजळीवर मात्र दिवसरात्र जाहिरात करता येते. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातींना आधी राज्याची मंजुरी हवी, असा १७० क्रमांकाचा नियम २०१८ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये आयुष मंत्रालयानं तो वगळला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या वगळण्याला स्थगिती दिली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये प्रकरण बंद होताना स्थगितीही उठली. आधी तपासणारा एक दरवाजा होता, तोही आता उरलेला नाही.

चुकलेलं औषध परत मागवण्याची वेळ आली तर? २०२३ च्या ऑगस्टमध्ये अ‍ॅबट कंपनीच्या गोव्यातल्या कारखान्यात तयार झालेल्या डायजीन जेलच्या एका बाटलीबद्दल तक्रार आली. नेहमीच्या फिक्या गुलाबी, गोड औषधाऐवजी बाटलीत पांढरं, कडू, उग्र वासाचं द्रव होतं. कंपनीनं त्या कारखान्यातला माल परत मागवला आणि औषध महानियंत्रकांनी तो वापरू नका असं डॉक्टरांना, रुग्णांना सांगितलं. ही बातमी ज्यांनी वाचली त्यांनी बाटली बाजूला ठेवली. ज्यांच्या घरात पेपर येत नाही त्यांना कुणी सांगितलं? जळजळीवरच्या रॅनिटिडीनचंही तेच. कर्करोगाशी संबंध असू शकणारी अशुद्धी सापडल्यानं अमेरिकेनं एप्रिल २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते सप्टेंबर २०२२ मध्ये गळलं. काउंटरवर मात्र ते त्यानंतरही सहज मिळत राहिलं.

बंदी हा यावरचा उपाय नव्हे. तांड्यावरच्या माणसाच्या हातची पुडी काढून घेणं अन्यायाचं होईल. करता येण्यासारख्या गोष्टी थोड्या आणि साध्या आहेत. पुडीवर मराठीत, वाचता येतील अशा अक्षरांत, तीन सूचना छापाव्यात: दिवसाला किती, सलग किती दिवस, आणि कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यात रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार आणि गरोदरपण यांचा उल्लेख हवा. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या बायांनाही सांगायला हवं की आम्लशामकाबरोबर घेतलं तर लोह नीट शोषलं जात नाही. आशाताई घरी येऊन त्या गोळ्या देतात आणि पोट जळतं म्हणून त्याच घरात पुडी फुटते. जाहिरातीत सहा सेकंदांचा दावा ज्या आवाजात, ज्या वेगानं सांगितला जातो, त्याच आवाजात आणि वेगात चौदा दिवसांची मर्यादाही सांगावी. नांदेडच्या अन्न व औषध प्रशासनानं चिठ्ठीशिवाय जाणाऱ्या पॅन्टोप्राझोलची तपासणी करावी आणि कापलेल्या तुकड्याबरोबर औषधाचं नाव, मुदत, मात्रा लिहिलेला कागद द्यायला लावावा.

आणि किराणा दुकानदार? त्याला औषधशास्त्र येत नाही, यायची गरजही नाही. गिऱ्हाईक मात्र तो नावानिशी ओळखतो. कोण रोज पुडी नेतं, कोण गेल्या महिन्यापासून दोन नेऊ लागलं आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, तालुक्याच्या डॉक्टरालाही नाही. माळेतून पुडी तोडताना त्यानं एवढंच विचारावं: “मावशी, किती दिवसांपासून व्हायलंय?” उत्तर दोन आठवड्यांच्या पुढचं आलं, काळी शौच, घास अडकणं, वजन उतरणं यांतलं काही निघालं, तर पुडी द्यावी आणि भोकरच्या सरकारी दवाखान्यात सकाळी केसपेपर किती वाजता निघतो तेही सांगावं.